आतली घडी

लाख वितळल्याचा वास आला की मला आजही शनिवार असल्यासारखं वाटतं. परवा पोस्टात एकजण पार्सलच्या गाठीवर लाख सोडत होता, तर मी माझी रांग सोडून त्याच्या मागं जाऊन उभी राहिले. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "तुमचं काय आहे ओ?" माझं काहीच नव्हतं. नुसता वास घ्यायला उभी आहे म्हटलं असतं तर त्यांनी मला वेड्यात काढलं असतं.

तशी ही सवय मला एका वेड्यानंच लावली. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल विणणारं एक युनिट होतं. मी तिथं कॉम्प्युटरवर बसायला लागले तेव्हा अण्णा डिस्पॅचला होते. गठ्ठे बांधून घ्यायचे, त्यांवर नाव-पत्ता घालायचा आणि आलेल्या पत्रांना उत्तरं द्यायची, हे त्यांचं काम. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, शेजारच्या टेलरचाचांशी दखनी आणि पत्रात इंग्रजी. वडील सगळा जन्म मागावर बसले. अण्णांना मात्र साधा तुटलेला धागा सांधता यायचा नाही आणि त्याचं त्यांना काही वाटायचंही नाही. ते राहायचे सोलापुरात आणि जगायचे अठराव्या शतकातल्या युरोपात.

हे मी उगाच बोलायचं म्हणून बोलत नाही. दुपारी जेवणं झाली की ते बांधलेल्या गठ्ठ्यांना पाठ टेकून बसायचे. पलीकडं मागांची खडखड चालू असायची. वरच्या झरोक्यातून उन्हाचा एक पट्टा खाली यायचा आणि त्यात कापसाची पिसं तरंगत असायची. अण्णा त्या पिसांकडं बघत हळूच म्हणायचे, "आत्ता आंधळ्या बाई उठल्या असतील. पत्रं वाचून दाखवायला कुणीतरी बसलं असंल."

"कुठं?" मी विचारायची.

"पॅरिसात की."

"आत्ता?"

"मग कधी?" आणि माझ्याकडंच असं बघायचे, की येडी मीच.

आणि खरं सांगू का, त्या दुपारच्या गुंगीत मलाही दिसायला लागायचं. उंच छताची खोली, पडदे ओढलेले, एक म्हातारी बाई खुर्चीत बसलेली, डोळे मिटलेले, आणि कुणीतरी वाचतंय. ती बाई मला हटकून आमच्या गावच्या आत्यासारखी दिसायची, नाकात नथ घातलेली. पॅरिसात नथ कुठली? पण मी काय पॅरिस बघितलंय?

या सगळ्याच्या मुळाशी एक पुस्तक होतं. फार वर्षांपूर्वी गठ्ठ्यांत घालायला म्हणून युनिटमध्ये रद्दी यायची, तिच्यात अण्णांना ते सापडलं. जाडजूड, इंग्रजी, पुढची पानं गेलेली, मागची पानं गेलेली. नुसती पत्रं. पुस्तकांत ज्याला ज्ञानोदयाचं युग म्हणतात, त्या काळातल्या लोकांनी एकमेकांना लिहिलेली. कुणाची, कुणी गोळा केलेली, काही कळायला मार्ग नाही. अण्णांनी त्यांना स्वतःच नावं दिली होती. आंधळ्या बाई, गणितवाला, आणि एक आजारी म्हातारा. हा म्हातारा ज्या त्या पत्रात 'मी आता मरतोय' असं कळवायचा आणि पुढच्या पत्रात कुणाशी तरी नवं भांडण उकरून काढायचा. अण्णांचा त्याच्यावर भारी जीव. स्वतःला साधी सर्दी झाली तरी म्हणायचे, "आजारी म्हाताऱ्याला कळवायला पाहिजे."

एकदा मी त्यातली एक ओळ मोबाइलवर टाकून शोधायला निघाले, ही माणसं कोण ते. अण्णांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"नको. नाव कळलं की ते मोठे होतील. मग आपल्याला त्यांच्यात बसता येणार नाही."

मी मोबाइल ठेवून दिला.

त्यांचं म्हणणं साधं होतं. "ज्ञानोदय ज्ञानोदय म्हणतेत, ते काय हाय? टपाल हाय. एकाला कळलेलं दुसऱ्याला कळवायचं. बाकी सगळं त्याच्यानंतर." ही माणसं एकमेकांपासून शेकडो कोस लांब, वाटेत लढाया, वाटेत सरकारी माणसं लाख सोडवून पत्रं वाचणार आणि परत चिकटवणार. तरी लिहायची. आणि आलेलं पत्र कुणी एकट्यानं गिळून बसायचं नाही. ठरल्या वारी एखाद्या बाईच्या दिवाणखान्यात मंडळी जमायची आणि पत्र मोठ्यानं वाचलं जायचं. ऐकणारे वाहवा करायचे, नकला उतरवून घ्यायचे, त्या नकला पुढच्या गावी जायच्या. लिहिणाऱ्यालाही ते ठाऊक असायचं. म्हणून तो नीटनेटकं लिहायचा, हसवायचा, चिमटे काढायचा.

या सगळ्याचा आमच्या टॉवेलांशी काय संबंध? तेच तर. युनिटचे शेठ एकदा माझ्या टेबलापाशी आले. बाहेरच्या देशातल्या एका गिऱ्हाइकाची तक्रार आली होती, धुतल्यावर टॉवेलचा रंग जातोय. शेठ म्हणाले, अण्णा सांगतील तसं टाइप कर. अण्णांनी डोळे मिटले आणि सांगायला लागले. त्यांचं इंग्रजी एकदम जुन्या थाटाचं, झगा-टोप घातलेलं. महोदय, आपलं पत्र मला मिळालं तेव्हा आमच्या गावात इतकं ऊन होतं की रस्त्यावरची कुत्रीही सावलीसाठी भांडत होती. आपला लाल रंग आपल्याला सोडून गेला हे वाचून मला जे दुःख झालं...

"अण्णा, ईमेल आहे ही!" मी ओरडले. "दोन ओळीत सांगायचं, माल बदलून देतो."

"ते शेवटी हायच की. आधी माणसाशी बोल."

शेवटी 'आपला अत्यंत नम्र व आज्ञाधारक सेवक' असं सगळं टाइप करून मी पाठवलं आणि म्हटलं, आता गेली आपली नोकरी. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. मालाबद्दल एक ओळ. आणि खाली, तुमच्या गावचं ऊन आता कसं आहे? त्या कुत्र्यांचं काय झालं? शेठ त्यावर इतके खूश झाले की त्यांनी अण्णांना काही म्हणजे काही बोलायचं सोडून दिलं. त्यामुळं अण्णांचं फावलं. ते शाई वाळवायला टिपकागद वापरायचे नाहीत, त्या पत्रांतल्या लोकांसारखी वाळू शिंपडायचे, सीना नदीची, बारीक चाळलेली. माझ्या कीबोर्डात कायम वाळू. मी खडाखडा आपटायची, चिडायची, आणि ते म्हणायचे, "असू दे की. ती त्या शतकाची वाळू हाय."

अजून एक खोड सांगायला हवी, तिच्याशिवाय पुढचं कळायचं नाही. अण्णांना मनात वाचता यायचं नाही. लग्नपत्रिका असो, औषधाच्या बाटलीवरचा कागद असो, नाही तर लाइटबिल, ते मोठ्यानंच वाचायचे. लहानपणी मागांच्या खडखडीत अभ्यास केलेला, स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू यावा म्हणून ओरडूनच वाचायची सवय लागलेली. ती मग सुटलीच नाही. आणि नुसतं मोठ्यानं नव्हे, तर तोंडातून बाहेर पडलेलं कानावर आल्यावरच त्यांना अर्थ लागायचा. कधीकधी एखाद्या विनोदाला तेही आमच्यासारखे ओळ संपल्यावरच हसायचे.

तर शनिवार. संध्याकाळी सहाला अण्णांच्या घरी बैठक. पूर्व भागात त्यांच्या दोन खोल्या, एकापुढं एक. बाहेरच्या खोलीत चादर अंथरलेली. येणारे मोजके. टेलरचाचा, शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई, आणि अण्णांच्या बायको. त्यांना सगळी गल्ली अम्माच म्हणायची. त्या मांडीवर सूप घेऊन भिंतीशी बसायच्या आणि विड्या वळत ऐकायच्या. त्यांची बोटं आपोआप चालायची. पान, तंबाखू, गुंडाळी, दोरा. बघताना डोळा लागेल असं ते चालायचं. मला यायचं होतं, पण अट होती. बैठकीला यायचं तर स्वतःला आलेलं पत्र घेऊन यायचं, आणि ते तिथंच, सगळ्यांसमोर फोडायचं.

आता मला कोण पत्र पाठवणार? आमचं गाव तिकडं सांगोल्याच्या बाजूला, माळावरचं. घरात मेंढरं. बा शिकलेला नाही, आई शिकलेली नाही. शेवटी मीच धाकट्या बहिणीला पत्र घातलं, की बाई गं, आईला विचारून चार ओळी लिही. लिहून आलं ते मी लाजत लाजत अण्णांच्या हातात दिलं. त्यांनी वाचलं.

"तुजं पत्र मिळालं. आय म्हनती हितं पाऊस न्हाय. बा मेंढरं घिऊन खाली कर्नाटकात गेलाय, आजून फोन न्हाय. काळी शेळी याली, दोन करडं झाली. तू कुटं ऱ्हातीस, काय खातीस, त्ये लिव्ह. फोनवर तू नुसतं बरं हाय बरं हाय म्हनतीस, त्ये आयला पटत न्हाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई माझ्याकडं बघून हसल्या असं मला वाटलं. पण अण्णांनी चष्मा काढला. "बघा," ते म्हणाले, "हवामान, प्रवास, जनावरं, आणि शेवटी एक चिमटा. आंधळ्या बाई तरी निराळं काय सांगत होत्या? त्यापण सांगूनच लिहून घ्यायच्या. पोरी, तुझी आई त्यांच्यातली हाय."

चाचा म्हणाले, "क्या लिखवाई माँ ने! बरोबर नस पकडी।" त्या दिवशी घरी जाताना मी रस्त्यात रडले. माझ्या आईला कुणी कधी एवढं मोठं म्हटलं नव्हतं.

चाचांची पत्रं म्हणजे एक गंमतच. त्यांना कुणाचीच पत्रं यायची नाहीत. ते स्वतःच स्वतःला लिहायचे, पेटीत टाकायचे आणि शनिवारी कोऱ्या चेहऱ्यानं घेऊन यायचे. "हैदराबाद से भाई का आया।" अक्षर चाचांचंच, शिक्का सोलापूरचाच. कुणी एक शब्द बोलायचं नाही. अण्णा तर विचारायचे, "भाईची तब्येत कशी हाय?" आणि चाचा दोन मिनिटं विचार करून सांगायचे.

एका शनिवारी मी विचारलं, "सगळंच जर चारचौघांत वाचायचं, तर मनातलं कुठं लिहायचे ओ ते लोक?"

अण्णा खूश झाले. एक कागद घेतला, त्यावर चार ओळी खरडल्या आणि ठेवला. मग दुसरा लहान कागद घेतला, त्याची चारपदरी बारीक घडी केली आणि पहिल्या कागदाच्या पोटात सरकवली. वरून पुन्हा घडी. "हे बाहेरचं पान, मंडळींसाठी. आणि ही आतली घडी. ही ज्याची त्यानं काढून खिशात घालायची. दिवाणखान्यात कुणी विचारायचं पण नाही, काय होतं म्हणून."

त्यांची मुलगी चिन्नी तेव्हा सुट्टीला आलेली होती. दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "नान्ना, मला हे बारा वर्षांची असल्यापासून पाठ आहे." तेलुगूत वडिलांना नान्ना म्हणतात. तिचं ते म्हणणं आणि अण्णांचं ते फुलून येणं मला अजून दिसतं.

चिन्नी पुण्याला होती. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास. चार वर्षं झाली होती. अम्मांच्या सुपातल्या विड्या त्या क्लाससाठीच वळल्या जायच्या, हे सगळ्यांना माहीत होतं. चिन्नी घरी फोन करायची, पण महत्त्वाचं काही असलं तर लिहायची. बापाची शिकवण, की फोनवर माणूस नुसतं बरं हाय म्हणतो. तिची पत्रं म्हणजे बैठकीची मेजवानी. मेसमधली आमटी, रूममेटच्या घोरण्याचे प्रकार, असलं काही लिहायची की अम्मासुद्धा हात थांबवून हसायच्या. अण्णांचा तो मोठा अभिमान होता, आणि खरं बोलायचं तर गर्वही होता.

पुढं एका शनिवारी कॉलेजातले एक प्राध्यापक आले होते. अण्णांचा लौकिक ऐकून, पहिल्यांदाच. आणि नेमकं त्याच दिवशी चिन्नीचं पाकीट आलं. अण्णांनी लाख वितळवून ठेवली होती, पाहुण्याला उत्तर कसं बंद करतात ते दाखवायला. खोलीभर तो वास. त्यांनी पाकीट फोडलं आणि वाचायला सुरुवात केली. पहिलं पान नेहमीचं, हसरं. प्राध्यापक मांडीवर थाप मारून म्हणाले, "वा! मुलगी लिहिते हो!"

"अजून हाय, अजून हाय," अण्णा म्हणाले. पोटातनं दुसरा कागद निघाला होता.

तो कागद निराळा होता. फिकट निळा, लहान, चारपदरी. मी अगदी समोर बसले होते. मला घडी दिसली. मला कळलंसुद्धा. पण मला वाटलं, अण्णांना कळलंच असणार, त्यांनीच तर शिकवलंय. आणि हेही होतं, की मला पुढं ऐकायचं होतं. ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

अण्णांनी पाहुण्याकडं बघत बघतच घडी उलगडली. "नान्ना, हे फक्त तुम्हाला. गेली दोन वर्षं मी परीक्षेलाच बसले नाही. अभ्यास जमेना. मी एका बेकरीत कामाला जाते, केक करते. मला ते आवडतं. लाज कामाची नाही, खोटं बोलल्याची वाटते. अम्माला अजून सांगू नका. तिच्या बोटांकडं बघितलं की माझं तोंड उघडत नाही. मीच येऊन..."

आवाज चांगला खणखणीत होता, पाहुण्यांसाठी लावलेला. तो 'मीच येऊन'पर्यंत तसाच गेला. मग अण्णांच्या कानांनी ते ऐकलं असावं.

अम्मांची बोटं थांबली होती. एक अर्धी वळलेली विडी हातात तशीच. त्या म्हणाल्या, "वाचा की पुढं."

अण्णांना वाचता येईना. कागद हातात आणि ओठ नुसतेच हलत होते. प्राध्यापकांना एकदम काहीतरी काम आठवलं. बाईंनी चपला शोधायला उगाच वेळ लावला. चाचा जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून गेले, का ते त्यांनाच ठाऊक. मी लाखेची वाटी उचलून मोरीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गल्लीला कळलं. बापाचा फोन जायच्या आत चिन्नीला कुणीतरी मेसेज टाकला, 'काय गं, केक करतेस म्हणे!' मग तिचा फोन आला. अम्मांना. अम्मा काही रागावल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, "खातेस का नीट?" सगळं बोलून झाल्यावर चिन्नी म्हणाली, "नान्नाला सांग, मी आतली घडी केली होती."

एवढंच. भांडण नाही, आदळआपट नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. सणाला यायची, वडिलांच्या पाया पडायची, जेवलात का विचारायची. पण पत्र बंद. एक वर्ष, दोन वर्षं, तीन वर्षं. पोरगी हसायची, बोलायची, सगळं असायचं, आणि त्या घरात पत्र येत नव्हतं. अण्णांना आयुष्यात दुसरं काही नको होतं. त्यांना तिनं परत लिहायला हवं होतं.

मी म्हटलं, "अण्णा, माझ्या फोनवरनं मेसेज टाकू का? सॉरी म्हणा आणि सोडवा हे."

"पत्रात मोडलेलं पत्रातच सांधायला लागतं," ते म्हणाले. दर शनिवारी बैठकीच्या आधी ते तिला लिहायचे. नक्कल वहीत उतरवायचे, वाळू शिंपडायचे, घडी करायचे, लाख लावायचे. मी ती वही कधी उघडली नाही. समोरच असायची, चादरीवर.

मधे त्यांनी बैठकच बंद करायचं काढलं होतं. तेव्हा अम्माच उठल्या आणि चादर अंथरून सूप घेऊन बसल्या. "शनिवार बंद केल्यावर ती लिहिणार हाय व्हय?" त्यापुढं कुणाचं चालणार?

पण अण्णा बदलले होते. कुणाचंही पत्र हातात आलं की आधी दोन बोटांनी आत चाचपून बघायचे, तांदळात खडा बघतात तसं. माझ्या बहिणीच्या पत्रातसुद्धा. तिला बिचारीला घडीबिडी कुठली? मग हळूहळू चाचांच्या पत्रांतून आतली घडी निघायला लागली. स्वतःच स्वतःला लिहिलेलं पत्र, स्वतःच घातलेली घडी. अण्णा ती अदबीनं चाचांच्या पुढं धरायचे आणि चाचा ती न बघता खिशात घालायचे. "भाई की कुछ खानगी बात होगी।" आम्ही दुसरीकडं बघायचो. हसू यायचं नाही, खरंच.

दरम्यान मी ते युनिट सोडून चिंचोळीच्या एमआयडीसीत लागले. गाडीवरून येताजाता जीव जायचा, पण शनिवार चुकवायची नाही.

आणि मग एका शनिवारी मी पोचले तर सगळे आधीच येऊन बसले होते. चादरीच्या मधोमध एक पाकीट ठेवलेलं. अक्षर चिन्नीचं. सकाळी आलं होतं. अण्णांनी ते दिवसभर फोडलं नव्हतं, सहाची वाट बघत होते. अम्मांनी सूप मांडीवर घेतलं होतं, पण त्यात काही चाललं नव्हतं.

अण्णांनी फोडलं. दोन बोटं आत घातली आणि त्यांचा हात तिथंच थांबला. आधी बाहेरचं पान काढलं. वाचताना आवाज जरा फाटला, मग लागला.

"बैठकीस नमस्कार. तीन वर्षं गैरहजर राहिले, त्याबद्दल चाचा ठरवतील तो दंड. मी आता स्वतःची भट्टी घेतली आहे. चाचा, तुम्ही शिवलेले ब्लाउज मला होत नाहीत. माझे केक मीच चाखते. अम्मा, तुझ्या विड्यांच्या दोऱ्यासारखा दोरा इथं केकच्या खोक्याला बांधतात. मला बांधायला कुणी शिकवावं लागलं नाही."

चाचा म्हणाले, "मैं नाप लेने पूना जातूँ।" सगळे हसलो. अम्मा पदरानं डोळे पुसत हसत होत्या.

मग अण्णांनी आतली घडी बाहेर काढली. फिकट निळा कागद, चारपदरी. पण या वेळी ती चारी बाजूंनी शिवलेली होती. विडीच्या तसल्याच दोऱ्यानं, बारीक, जवळ जवळ टाके घालून. वर फक्त 'नान्ना'.

अण्णा त्या टाक्यांवरून अंगठा फिरवत बसले. किती वेळ, काय माहीत. शेवटी चाचा म्हणाले, "अण्णा, अंदर जाके पढो।"

ते उठले. आतल्या खोलीचं दार मी तरी कधी लागलेलं बघितलं नव्हतं. त्याच्यामागं पानांची पोती ठेवलेली असायची. अम्मांनी पोती ओढली, अण्णा आत गेले, दार लागलं. दातानं दोरा तोडल्याचा टचकन आवाज आला. अम्मा परत चादरीवर आमच्यात येऊन बसल्या.

आणि आतून आवाज आला, चांगला खणखणीत. "नान्ना..."

आमचे सगळ्यांचे चेहरे एकदमच पडले. त्यांना मनात वाचता येत नाही! दार लाकडाचं, जुनं, मधे बोटभर फट. आता सगळं ऐकू येणार, एक ना एक शब्द.

अम्मा ताडकन उठल्या. मोरीकडच्या कट्ट्यावर मिक्सर होता, त्याचं बटण दाबलं. बाईंना असा काही खोकला लागला की विचारू नका. चाचा मला मोठमोठ्यानं सांगायला लागले, "अरे बेटी, उस दिन क्या हुआ मालूम? एक आदमी पैंट लेके आया..." पैंटचं पुढं काय झालं ते त्यांनाही माहीत नव्हतं, ते नुसतं 'पैंट, पैंट' करत राहिले. तरी मधूनच दाराच्या फटीतून अण्णांचा स्वर वर यायचाच. मी चादरीवरून माझ्या बहिणीचं पत्र उचललं आणि गावच्या माळावर मेंढरांना हाळी घालतात त्या आवाजात सुरू केलं. "आय म्हनती पाऊस झाला! बा परत आला! मेंढरं बरी हाईत! करडं मोठी झाली!" संपलं की परत पहिल्यापासून. चार वेळा वाचलं मी ते. माझा घसा बसला.

किती वेळानं कुणास ठाऊक, दार उघडलं. अण्णा उभे. चष्मा हातात, डोळे लाल, शर्टाचा खिसा फुगलेला. त्यांनी खोकणाऱ्या बाईंकडं बघितलं, चाचांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"कसला एवढा गोंधळ लावलाय?"

"चटणी वाटायलेय," अम्मा म्हणाल्या आणि मिक्सर बंद केला.

अण्णा कट्ट्यापाशी गेले. झाकण काढून आत बघितलं. भांडं रिकामं होतं. त्यांनी झाकण परत लावलं आणि म्हणाले, "अजून बारीक व्हायची हाय. फिरव."

अम्मांनी बटण दाबलं. त्या आवाजात अण्णा चादरीवर येऊन बसले, लाखेची वाटी पुढं ओढली आणि एक लहान कागद घेऊन आधी त्याचीच घडी करायला लागले.